पाणी मोजणाऱ्या काकू

त्यांना पाणीकाकू हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं, याचा शोध आता लागायचा नाही. पण ते असं चिकटलं की त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं. नवीन माणसाला वाटायचं, बाई नळखात्यात असणार. एकदा एक गृहस्थ खरंच त्यांच्या दारात येऊन उभे राहिले. आमच्या गल्लीत दोन दिवस पाणी नाही, तुम्ही लोक करता काय, म्हणून तावातावानं भांडले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमच्या घरात कुणी पोटुशी असेल तर पाठवा, तिचं पाणी बघून देते. नळाचं मला काही कळत नाही हो."

काकू बाळंतपणाच्या एका लहानशा दवाखान्यात सोनोग्राफी करायच्या. सोनोग्राफीत बघायचं पुष्कळ असतं, बाळाचं डोकं, पाठीचा कणा, हृदयाची धडधड. काकूंना ते सगळं येत होतंच. पण त्यांची ख्याती होती ती बाळाभोवतीचं पाणी मोजण्याबद्दल. पोटातलं पोर त्या पाण्यात तरंगतं, हातपाय हलवतं, वाढतं. पाणी फार कमी झालं तर बाळाला आतून पुरेसं मिळत नसल्याची ती खूण असू शकते, आणि मग डॉक्टरांना वाट बघून चालत नाही.

"पण काकू, हे पाणी येतं कुठून?" एखादी नवी पोर घाबरत विचारायची.

"कुठून म्हणजे? हे महाशयच करतात शू, आणि हेच पितात. बाहेर आल्यावर नखरे, आत सगळं चालतं!"

पोर हसायची. हसली की पोट सैल पडायचं, आणि काकूंना तेच हवं असायचं. हा विनोद त्यांनी उभ्या जन्मात किती वेळा केला असेल, देव जाणे. दर वेळी स्वतःही हसायच्या, जणू आत्ताच सुचला.

काय ती खोली होती! आता तिथं पांढरेशुभ्र दिवे आलेत, भिंतीवर मोठा पडदा आलाय, सगळं चकचकीत. तेव्हा ती जिन्याखालची बुटकी खोली होती. दाराला जाड निळा पडदा, कोपऱ्यात एक पिवळा दिवा, आणि मशीनचा पंखा दिवसभर घुर्र करत असायचा. पोटाला लावायच्या जेलची बाटली काकू गरम पाण्याच्या पातेल्यात उभी ठेवायच्या. पोटावर थंडगार जेल पडलं की बाई दचकते, आणि ते काकूंना मुळीच खपायचं नाही. दुसऱ्या दवाखान्यात जाऊन आलेल्या बायका सांगायच्या, "अहो, तिकडे नुसता बर्फ ओततात." हे ऐकून काकूंचा चेहरा खुलायचा.

काकूंची रीत ठरलेली. बाईला उताणं झोपवायचं, कमरेखाली एका बाजूला छोटी उशी सरकवायची, म्हणजे चक्कर येत नाही. मग बेंबीतून एक उभी आणि एक आडवी रेघ मनातल्या मनात ओढायची. पोटाचे झाले चार भाग. प्रत्येक भागात पाण्याचा सगळ्यांत खोल खिसा शोधायचा, खिसा हा काकूंचाच शब्द. त्याची वरून खाली उभी खोली मोजायची, आणि चारही खिशांची बेरीज करायची. ऐकायला किती सोपं! पण पोटावर फिरवायचा तो प्रोब जमिनीकडे सरळ धरावा लागतो. पोटाच्या गोलाईबरोबर हात वाकला की माप चुकलं. जरा जास्त दाबला की खिसा चेपला आणि पाणी कमी दिसलं. मध्येच बाळ कुशीवर वळलं तर केलेलं सगळं सोडून पहिल्यापासून सुरुवात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे खिशात फक्त पाणी हवं, बाळाचा हात नको, पाय नको, नाळ नको.

नाळ ही मोठी लबाड. हात-पाय पांढरे दिसतात, ते कुणालाही कळतात. पण नाळेची वेटोळी पाण्यात पडली की अगदी फिकी करडी दिसतात, आणि पाणी तर काळं. घाईत बघणाऱ्याला सगळं एकच काळं वाटतं. काकू ज्या मशीनवर शिकल्या त्यात रंग नव्हते. रक्त वाहताना लाल-निळं दाखवायची सोय पुढे आली. तोवर काकूंची नजर अशी तयार झाली होती की त्या करड्या कडांवरून नाळ बरोबर ओळखायच्या. त्यामुळे रंगाचं बटण आलं तेव्हा त्यांनी नाक मुरडलं.

"पाण्याला कसला आलाय रंग?" त्या म्हणायच्या. "ज्याला दिसत नाही त्यानं लावावेत दिवे."

ही तालीम त्यांनी आणखी एकीला दिली होती. ती दवाखान्यात आली तेव्हा सगळ्यांत लहान होती, म्हणून तिला सगळे धाकटी म्हणत. पुढे तिची स्वतःची मुलं शाळेत गेली तरी ती धाकटीच राहिली. सुरुवातीला तिचा हात जड होता. काकूंनी तिला पिकलेल्या केळ्यावर प्रोब फिरवायला लावला होता. केळं दबलं की बोलणी! धाकटी रडायची, नाक पुसायची आणि पुन्हा केळं घ्यायची. "तेवढे दिवस घरात केळं बघवेना मला," ती नंतर सांगायची. काकूंवर तिचा जीव होता, आणि काकूंना ती घाबरूनही होती.

आता चिमणीचं सांगायला हवं. चिमणी ही काकूंच्या बहिणीची मुलगी. बहीण लवकर गेली, आणि त्या एवढ्याशा पोरीला काकूंनी तळहाताच्या फोडासारखं जपलं. स्वतःचं मूलबाळ नव्हतं, काका होते ते शांत आणि आजारी, तेही पुढे गेले. घरात मावशी आणि भाची, आणि दोघींची दिवसभर किचकिच. केस विंचर म्हणून, दूध पी म्हणून, दिवा बंद कर म्हणून. एकीचा आवाज चढला की दुसरीचा चढायचा, आणि जेवताना दोघी एकाच ताटातल्या लोणच्यावरून हसत असायच्या. लग्न होऊन चिमणी दोन गल्ल्या पलीकडे गेली तेव्हा काकूंनी कित्येक दिवस दोघींचा चहा टाकला.

चिमणीला दिवस राहिले ते बऱ्याच वर्षांनी. औषधं झाली, सल्ले झाले, लोकांचे टोमणे ऐकून झाले. तिनं आशा सोडली आणि मग हे झालं. नवरा बोटीवर कामाला. त्याची सुटी बाळंतपणाच्या तारखेच्या हिशेबानं ठरलेली, त्याआधी येणं शक्य नाही. म्हणजे पुन्हा घरात मावशी आणि भाची. काकू तर हवेतच होत्या. भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना त्यांनी सांगून टाकलं होतं.

दवाखान्याच्या मोठ्या बाई, म्हणजे तिथल्या मुख्य डॉक्टर, काकूंना पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "काकू, घरच्या माणसाचं आपण मोजू नये. धाकटीला मोजू द्या."

चिमणीनं ऐकलं नाही. "मी मावशीकडूनच करून घेणार. दुसऱ्या कुणाचा हात लागला तर माझी छाती धडधडते."

मोठ्या बाईंनी हात टेकले. काकूंनी तोंडदेखलं "अगं, नको" म्हटलं, पण मनात उकळ्या फुटत होत्या. अख्ख्या गावाच्या बाळांचं पाणी मोजलं, आणि आपल्या नातवंडाचं दुसऱ्यानं मोजायचं? छे!

त्या सुमारास काकूंची एक नवी तक्रार सुरू झाली होती. मशीन बिघडलंय. चित्र धुरकट येतंय. पाणी स्वच्छ काळं दिसायला हवं, तर त्यात धूळ उडाल्यासारखी दिसते. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं मशीन उघडलं, पुसलं, तपासलं, आणि म्हणाला, "सगळं ठीक आहे." काकूंनी त्याला खडे बोल सुनावले. पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तो काकूंना पाहून जिन्यावरूनच परत फिरायच्या बेतात होता. शेवटी काकूंनी स्वतःच उपाय काढला. मशीनला एक गोल बटण असतं. ते फिरवलं की चित्र उजळतं किंवा मंद होतं. काकू ते थोडं खाली आणायच्या, पाणी छान काळं दिसेपर्यंत. धूळ गेली, चित्र स्वच्छ झालं, काकू खूश.

चष्मा मात्र त्या दिवसातून दहादा पुसायच्या. धाकटीनं एकदा विचारलंही, "काकू, डोळे दाखवून घ्यायचे का?"

"मशीन दाखव आधी," काकू म्हणाल्या, आणि विषय संपला.

नववा महिना लागायला थोडे दिवस होते. चिमणीला तपासताना मोठ्या बाईंनी टेपनं तिचं पोट मोजलं, आणि पुन्हा एकदा मोजलं. मागच्या खेपेपेक्षा काहीच वाढ नव्हती. त्यांनी काकूंना बोलावलं.

"काकू, पाणी कसं आहे हिचं?"

"परवाच बघितलं ना. अकरा. उत्तम आहे." त्या महिन्यात बेरीज आठ सेंटिमीटरच्या वर असली की कुणी काळजी करत नाही, आणि पाचाच्या खाली गेली की डॉक्टर उठून उभे राहतात.

"पोट वाढत नाही हो. बाळ हलतं का गं चिमणे?"

"हलतं," चिमणी म्हणाली. मग जरा थांबून, "पूर्वीइतकं नाही."

मोठ्या बाई म्हणाल्या, "धाकटीला एकदा बघू दे."

काकूंना ते लागलं. चांगलंच लागलं. चेहरा उतरला. निळा पडदा सारून आत आल्या आणि स्टूलावर न बसता पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, चिमणीच्या उशाशी जाऊन उभ्या राहिल्या. चिमणीनं त्यांचा हात घट्ट धरला. धाकटी स्टूलावर बसली. तिची मान वर होत नव्हती. तिला मोठ्या बाईंचा हुकूम मोडता येईना आणि काकूंकडे बघवेना, अशी तिची पंचाईत.

तिनं सवयीनं पहिल्यांदा ते गोल बटण वर फिरवलं.

"किती धुरळा केलास!" काकू म्हणाल्या. "खाली घे."

"काकू, एवढंच असतं," धाकटी हळूच म्हणाली.

ती मोजायला लागली आणि गप्प झाली. मोजताना सगळेच गप्प होतात, काकूही व्हायच्या, लक्ष लागतं ना. पण आज काकू पलंगाच्या या बाजूला होत्या. त्यांना ती शांतता सोसवेना. पंखा घुर्र करत होता, चिमणीचा हात घामानं ओला झाला होता, आणि धाकटीच्या कपाळावर एक आठी आली होती. ती आठी चिमणी एकटक बघत होती. अरे देवा, काकूंच्या मनात आलं, इतकी वर्षं बायका इथं पडून माझं कपाळ वाचत होत्या! आणि मला वाटायचं, किती निवांत पडल्यात.

"बोल गं काहीतरी!" काकू एकदम ओरडल्या. "गप्प का बसलीस?"

धाकटी दचकली. तिनं प्रोब एका जागी धरला होता, वरच्या डाव्या भागात. परवा काकूंना तिथंच सगळ्यांत मोठा खिसा मिळाला होता. तिनं रंगाचं बटण दाबलं. पडद्यावरचा तो काळा खिसा लाल-निळ्या वेटोळ्यांनी भरून गेला. नाळ, नुसती नाळ! पाणी होतं ते कडेला, बोटभरसुद्धा नाही.

"बंद कर तो रंग," काकू म्हणाल्या.

धाकटीनं बंद केला.

"लाव परत."

तिनं लावला. पुन्हा लाल-निळं. काकू पुढे वाकल्या. रंग असताना त्यांना नाळ दिसत होती. रंग गेला की तिथं धुरकट काळोख, आणि सगळीकडे तसाच. करड्या कडा कुठेच नव्हत्या. "तुला दिसतात का कडा, रंगाशिवाय?" त्यांनी विचारलं.

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला काकूंनीच शिकवलं होतं, आणि आता काय सांगायचं? तिनं प्रोब खाली ठेवला. "काकू, तुम्हीच बघा. तुम्ही म्हणाल तो आकडा लिहिते."

तिला वाटलं असेल, काकूंची लाज राखावी. पण हे ऐकून काकूंच्या पायाखालची जमीन सरकली. कारण तिनं लिहिला असता, खरंच लिहिला असता! काकूंनी "अकरा" म्हटलं असतं तर अकरा. मोठ्या बाईंनी दोन-चार दिवस आणखी वाट बघितली असती, चिमणीनं आनंदानं बघितली असती, नवरा यायचा होता ना. आणि पोटातल्या पोराचं काय झालं असतं?

"गधडे," काकू म्हणाल्या, "मी तुला हे शिकवलं? दिसतात का तुला कडा?"

"दिसतात," धाकटी म्हणाली. "स्वच्छ दिसतात."

"मग मोज. तुझ्या डोळ्यांनी मोज. माझ्याकडे बघू नकोस."

धाकटीनं मोजलं. दुसऱ्या एका खिशातही नाळच निघाली. बेरीज आली चार.

खोलीत चिमणीचाच आवाज आला. "मावशी? काय झालं? तू तर म्हणाली होतीस..."

काकूंनी तिच्या कपाळावर हात ठेवला. "चिमणे, मला दिसलं नाही गं. पाणी कमी आहे. मी नाळ मोजत होते. माझे डोळे गेलेत, आणि मला वाटत होतं मशीन गेलंय. आता इथून हलायचं नाही. आज काय ते आजच."

चिमणी मावशीकडे अशी बघत राहिली की काकूंना वाटलं, हिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग ती म्हणाली, "तू कुठे जाऊ नकोस," आणि हात सोडला नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. मोठ्या बाईंनी बाळाच्या ठोक्यांचा पट्टा लावला. ठोके मध्येच मंदावत होते. त्यांनी फार विचार केला नाही, ऑपरेशन ठरलं. काकू बाहेरच्या बाकावर बसल्या. त्या बाकावर त्या यापूर्वी कधी बसल्याच नव्हत्या, तो नातेवाइकांचा बाक. शेजारी कुणाचे तरी सासरे बसले होते. त्यांनी विचारलं, "कोण आहे आत तुमचं?" सबंध दवाखान्यात ज्यांच्याकडे लोक धीर मागायला यायचे, त्या काकू पदराआड तोंड लपवून लहान मुलासारख्या रडत होत्या.

मुलगी झाली. किडमिडीत, सुरकुतलेली, पण रडली अशी की जिन्यावरच्या माणसांनी माना वळवल्या. मोठ्या बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काकू, अगदी वेळेत. आणखी दोन दिवस गेले असते तर मी काही सांगू शकले नसते." काकूंचा जीव भांड्यात पडला. आणि दुसऱ्याच क्षणी तो पुन्हा बाहेर आला.

कारण चिमणी एकटी नव्हती! ती धूळ दिसायला लागल्यापासून, ते बटण खाली ओढून धुळीबरोबर नाळेच्या कडाही पुसायला लागल्यापासून, किती बायकांना त्यांनी "पाणी छान आहे" म्हणून घरी पाठवलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू दवाखान्यात येऊन फोनजवळ बसल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, "मी बोलावून घेते सगळ्यांना. फेरतपासणी म्हणून सांगू, कारण कशाला द्यायचं?"

"नाही बाई. कारण मीच देणार."

आणि एकेकीला फोन लावला. "मी पाणीकाकू बोलतेय. तुमचं पाणी मोजलं तेव्हा माझ्या नजरेत दोष होता. माप चुकलेलं असू शकतं. आज या, धाकटी बघेल. पैसे लागणार नाहीत, फक्त या." काही जणी घाबरल्या, त्यांना समजावलं. एक म्हणाली, "काकू, तुम्ही सांगितलंत हेच खूप." एकीच्या सासूबाईंनी मात्र फोनवरून त्यांची अशी खरडपट्टी काढली की शेजारी उभ्या असलेल्या धाकटीलाही शब्द न् शब्द ऐकू आला. काकू मान हलवत ऐकत राहिल्या. "बरोबर आहे तुमचं," त्या शेवटी म्हणाल्या. "बोला आणखी. पण सुनेला आजच पाठवा."

सगळ्या आल्या. धाकटीनं दिवसभर मान वर केली नाही. बहुतेकींचं ठीक निघालं. एकीचं थोडं कमी होतं, तिला मोठ्या बाईंनी दर दोन दिवसांनी यायला सांगितलं. पुढे तिचंही बाळंतपण सुखरूप झालं. तो निरोप येईपर्यंत काकूंच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्हीकडे मोतीबिंदू. "इतके दिवस आला नाहीत कशा?" काकू म्हणाल्या, "मशीनवाल्याकडे जात होते." ते हसले. त्यांना वाटलं विनोद केला.

ऑपरेशनं झाली. पट्टी निघाली आणि काकूंना पहिल्यांदा चिमणीची लेक नीट दिसली. भुवया, नखं, कानावरची लव. काकू तिला तासन् तास मांडीवर घेऊन बसत. जावई आला, परत गेला. चिमणीनं झालं ते एकदाही काढलं नाही. उलट एके दिवशी तीच म्हणाली, "मावशी, जा की कामावर. दवाखान्यातून किती निरोप आले. घरात माझं डोकं खातेस."

मोठ्या बाई तर वाटच बघत होत्या. काकू गेल्या. गरम पाण्याचं पातेलं धाकटीनं आधीच भरून ठेवलं होतं. एक नवी पोर पलंगावर झोपली होती, भेदरलेली. काकूंनी बाटलीतलं कोमट जेल हातावर घेऊन पाहिलं, पोटावर घातलं, आणि प्रोब टेकवला.

अहाहा! काय दिसत होतं! काळंशार पाणी, त्यात तरंगणारी नाळ, तिच्या करड्या कडा, तिचा पीळ. रंगाचं बटण लावायची गरजच नाही. काकूंना हुंदका आला आणि तो त्यांनी खोकला म्हणून खपवला. "हे महाशयच करतात शू," त्यांनी सुरू केलं, आणि पोर हसली. हात तोच होता, हलका. मोजतानाही त्या बोलत राहिल्या, काहीबाही, त्या पोरीला शांतता ऐकू येऊ नये म्हणून. बेरीज झाली. मग धाकटीनं मोजलं. दोघींचा आकडा जवळजवळ एकच आला. दारात उभ्या असलेल्या मोठ्या बाई हसल्या. "चला, काकू परत आल्या!"

काकूंनी प्रोब पुसला, जागेवर ठेवला, आणि स्टूलावरून उठल्या.

"धाकटे, बस इथं."

"का हो काकू? आता तर छान दिसतंय तुम्हाला."

"दिसतंय ना. खूप छान दिसतंय." काकूंनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. "पण बाई, नजर गेली तेव्हा मला कुठे कळलं होतं? मला तेव्हाही छानच दिसत होतं. उद्या हात जाईल, नाहीतर आणखी काही जाईल, तेव्हाही मला छानच वाटणार. आणि ही गधडी मला घाबरून मी म्हणेन तो आकडा लिहिणार."

"नाही लिहिणार आता," धाकटी रडत म्हणाली.

"लिहिशील गं. तुझा जीव आहे माझ्यावर."

मोठ्या बाईंनी खूप समजावलं. काकूंनी ऐकलं नाही. निळा पडदा सारून त्या बाहेर आल्या, बाकावरच्या बायकांनी "काकू, काकू" केलं, त्यांच्याशी दोन शब्द बोलल्या, आणि सरळ घरी आल्या. चिमणी लेकीला घेऊन दारातच उभी होती.

"इतक्यात आलीस? झालं काय? चुकलं का काही?"

"नाही. अगदी बरोबर आलं माप."

"मग रडतेस कशाला?"

"माझं काम सुटलं गं, चिमणे," काकू म्हणाल्या. "फार आवडायचं मला."